पुढची ओळ वाच

माझ्या नवऱ्याने रविवारी सकाळी, माझा चहा व्हायच्या आत, स्वतःच्या हाताने स्वतःचा संगणक मुका करून ठेवला. आता संगणक मुका झाला तर त्यात काय एवढं आकाश कोसळलं, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या नवऱ्याला दिसत नाही. पस्तिशीपर्यंत चांगलं दिसत होतं, एका मोठ्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायचा. मग कडेकडेने अंधार आत येत गेला आणि चाळिशीत उरलंसुरलं तेही गेलं. तेव्हापासून पडद्यावर जे असेल ते संगणक त्याला वाचून दाखवतो आणि हा हेडफोनमधून ऐकतो. इतक्या वेगाने ऐकतो की आपल्याला त्यातलं एक अक्षर लागत नाही. त्याच जोरावर तो घरी बसून काम करतो. कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या बैठकांची रेकॉर्डिंगं येतात, ती ऐकून टाइप करून देतो.

"अगं, जरा इकडे येतेस का," अशी हाक आली, आणि त्या 'येतेस का'वरूनच मी ओळखलं की स्वारी काहीतरी करून बसली आहे. एरवी माझ्याशी इतकं गोड कोण बोलतं?

झालं होतं असं. संगणकाला बोलायला दोन गोष्टी लागतात. एक पडद्यावर काय आहे ते बघते, दुसरी ते तोंडाने म्हणते. पहिलीला आम्ही घरात डोळा म्हणतो, दुसरीला गळा. दोन्ही फुकट मिळतात. जगभरातली माणसं मिळून ती लिहितात, आणि ज्याला हौस असेल त्याने मूळ कोड उतरवून घ्यावा, त्यात हवे ते बदल करावेत आणि आपल्या संगणकावर स्वतः बांधावा. बांधणं हा त्याचा शब्द. तयार मिळणारा गळा मराठी जोडाक्षरं अर्धी गिळतो, म्हणून माझा नवरा गेली कित्येक वर्षं आपला गळा आपणच बांधतो. केलेल्या दुरुस्त्या तिकडच्या लोकांना पाठवतो, तेही त्या घेतात. तिकडे त्याला मान आहे. इथे मी आहे.

शनिवारी संगणकाने आपलं आपण काहीतरी अपडेट करून घेतलं आणि गळा अडखळायला लागला. म्हणून रविवारी उठल्या उठल्या याने नवा कोड उतरवला. सूचनांमध्ये लिहिलं होतं, आधी जुना काढून टाका. याने काढला. आणि त्याच क्षणी संगणक गप्प. आता पुढची सूचना वाचणार कोण? डोळस माणसाने ही चूक केली असती तर त्याचं काही अडलं नसतं, जुना काढून नवा बांधला असता आणि मोकळा झाला असता. याचं तसं नाही. एरवी तो आधी नवा बांधतो, चालतोय ना ते बघतो आणि मगच जुन्याला हात लावतो, इतकी साधी गोष्ट त्याला मीही झोपेत सांगितली असती. त्या दिवशी लक्ष कुठे होतं कुणास ठाऊक.

मी म्हटलं, जुनाच परत टाक की. तर म्हणे जुना आता नव्या अपडेटवर बसत नाही. मग तयार मिळतो तो टाक. त्याचं मराठी म्हणजे तोंडात पाणी धरून बोलल्यासारखं, त्यावर काम होणार नाही, आणि सोमवारी सकाळी रेकॉर्डिंग येणार. म्हणजे नवा बांधायचा, दुसरा इलाज नाही, आणि बांधताना पडद्यावर जे जे उमटेल ते कुणीतरी वाचून दाखवायचं. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची सोय नव्हती. घरात आम्ही दोघंच.

इथे माझ्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे. आठवडाभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्ताच्या काचपट्ट्या बघते. कुठल्या पेशी किती, कुठल्या वेड्यावाकड्या, हेच सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शनिवारी घरी येते तेव्हा डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि मान हलवली की कटकट वाजते. रविवार हा माझा डोळे मिटून पडायचा दिवस. ओला रुमाल डोळ्यांवर ठेवायचा आणि कुणी मेलं तरी उठायचं नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. निदान मी तरी तो केलेला आहे.

आणि त्या रविवारी तर मला पडून विचार करायचा होता. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आठ दिवसांपूर्वी मला बोलावून सांगितलं होतं, इस्पितळ दुसऱ्या गावी नवी प्रयोगशाळा काढतंय, तिथली प्रमुख म्हणून तू जा. दोन वर्षं. पट्ट्या कमी बघायच्या, नवीन मुलींना शिकवायचं जास्त. आतापर्यंत दोनदा मला डावलून माझ्या मागच्यांना पुढे काढलं होतं. आता निवृत्ती दिसायला लागली, यानंतर कोण विचारणार? मला जायचं होतं. अगदी खरं सांगते, मनातून फार जायचं होतं. सोमवारी सकाळपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा होता.

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझं तू ठरव." बस. तेव्हापासून त्या विषयावर त्याने हूं की चूं केलं नाही. मी दोनदा मुद्दाम विषय काढला, दोन्ही वेळा मान हलवली आणि हेडफोन कानाला लावला. तसं आमच्यात बोलणं राहिलंच कितीसं होतं! तो दिवसभर त्या यंत्राचं ऐकणार, मी घरी येऊन मुकाट जेवणार आणि पडणार. भांडण नाही, तंटा नाही. भांडायलाही अंगात थोडं त्राण लागतं.

तसा तो माझ्यावाचून अडणारा माणूस नाही, हे त्याच्या बाजूने सांगते. स्वयंपाक करतो, कपडे धुतो, काठी घेऊन बाजारात जातो आणि माझ्यापेक्षा बरी भाजी आणतो. माझी नणंद इथे याच गावात राहते, ती अधूनमधून डोकावेन म्हणाली होती. पण हे सगळं संगणक बोलतो आहे तोवर. पत्रं, बँक, काम, त्याची ती जगभरची माणसं, सगळं त्या एका आवाजावर चाललेलं. तो बंद पडला की माझा नवरा कुलूप लावलेल्या घराबाहेर उभा राहिल्यासारखा होतो. मी एकदा बघितलं आहे, परत बघायचं नाही.

म्हणून शेजारी स्टूल ओढून बसताना मी मनाशी ठरवून टाकलं. संध्याकाळपर्यंत हे बोलायला लागलं तर डॉक्टरीणबाईंना हो म्हणायचं. नाही लागलं तर नाही. माझं मी ठरवायचं होतं ना? घ्या, ठरवलं.

"वाच," तो म्हणाला.

वाचते, पण काय वाचू? काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींची रांग लागली होती. मी सगळ्यात खालची वाचली. त्याला ती नको होती. म्हणाला, बांधताना काही बिघडलं की एका चुकीपायी पुढच्या दहा ठिकाणी बोंब होते, खालच्या ओळी नुसत्या रडत असतात, त्यांचं ऐकायचं नसतं. वर जायचं आणि जिथे पहिल्यांदा एरर असा शब्द दिसेल तिथलं वाचायचं. मग मी वर गेले. वर म्हणजे किती वर, तर जिन्याने गच्चीवर जावं तसं जातेच आहे, जातेच आहे. सापडली एकदाची. अमुक एक फाइल नाही म्हणून गाडं अडलं होतं.

आता फाइलीचं नाव त्याला अक्षर न् अक्षर हवं. मी वाचलं, तिरकी काठी, मग लिब, मग टिंब, मग खालची आडवी रेघ. तो म्हणाला, स्लॅश म्हण, डॉट म्हण, अंडरस्कोर म्हण. मी म्हटलं, मी काठी, टिंब आणि रेघच म्हणणार, पटत असेल तर बघ, नाहीतर शेजारणीला बोलाव. त्यावर तो काठी-टिंब-रेघ असंच ऐकून टाइप करत गेला. माझ्या आईला अजून आवडत नाही, मी नवऱ्याला अरे-तुरे करते ते. त्या सकाळी मी त्याला काय काय म्हटलं ते तिने ऐकलं असतं तर चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरली नसती तिला.

मला सगळ्यात गंमत वाटत होती ती त्याच्या हेडफोनची. एक बाजू कानावर, एक बाजू मागे सरकवलेली, रोजच्यासारखी. यंत्र मुकं, तरी हा कान लावून बसलेला. मी विचारलं, काय ऐकतोस रे त्यात, समुद्र? म्हणाला, सवय आहे, काढलं की टाळकं उघडं पडल्यासारखं वाटतं.

ती फाइल आणली. ती आणली तर कळलं, जी आणली ती फार जुनी आहे, हिच्याहून नवी हवी. नवी आणली तर तिला आणखी दोन हव्या. लग्नघरात एका पाहुण्याला बोलवावं आणि त्याने चार घेऊन यावं, तसा तो प्रकार. मधे एकदा सगळं सुरळीत चाललं, टक्के वाढत गेले, माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोवर परत लाल अक्षरं. त्याने तिकडच्या लोकांना विचारायचं ठरवलं. तो टाइप करत गेला, मी चुका सांगत गेले. उत्तर लगेच आलं, कुणीतरी जागंच असतं त्यांच्यात. मी मोठ्या आशेने वाचलं. लिहिलं होतं, सूचना वाचल्या का? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा मात्र हसला. म्हणाला, तो तसाच आहे, थांब जरा. खरंच थोड्या वेळाने त्याच माणसाने नीट समजावून लिहिलं, कुठली ओळ बदलायची, काय लिहायचं. त्याला काय माहीत, इकडे कोण कुणाला वाचून दाखवतंय.

बांधकाम एकदा सुरू झालं की वाट बघण्यापलीकडे काही नसतं. पंखा गरगरतो, ओळी सरकतात, आपण बसून राहायचं. डोळे मिटावेत म्हटलं तर तो विचारणार, थांबलं का, काय दिसतंय. मग उगाच गप्प बसण्यापेक्षा मी बोलत बसले. प्रयोगशाळेत नवीन आलेली मुलगी आहे, रक्त बघून भोवळ येते तिला, आणि नोकरी मात्र हीच धरली. परवा तिने पट्टी उलटी लावली आणि अर्धा तास काही दिसत नाही, काही दिसत नाही म्हणून रडत होती. मी ते सगळं तिच्या आवाजात करून दाखवलं. तो इतका हसला की खुर्ची करकरली. आम्ही असं शेवटचं कधी हसलो होतो ते मला आठवेना.

मधेच नणंदेचा फोन आला. ती माझ्यापेक्षा लहान, पण सल्ल्याला मोठी. म्हणाली, "वहिनी, काय ठरलं तुझं? तू बिनधास्त जा, दादाकडे मी बघते." फोनचा आवाज मोठा, खोलीभर ऐकू गेलं. मी नवऱ्याकडे बघितलं. बोटं कळफलकावर होती, हलत नव्हती. मी तिला म्हटलं, बघू, संध्याकाळी सांगते. फोन ठेवला. आता तरी काही बोलेल म्हणून थांबले. तो म्हणाला, "पुढची ओळ वाच."

जेवायच्या जरा आधी गळा बांधून झाला. शेवटच्या ओळीत एरर नव्हती, मी दोनदा बघून खात्री केली. त्याने बसवायची कमांड दिली, पासवर्ड टाकला, काहीतरी बंद करून परत सुरू केलं. मग एकदम ताठ बसला. हात हेडफोनवर गेला. मी विचारलं, काय, बोलतंय का?

त्याने हेडफोन कानावर दाबून धरला. "नाही," तो म्हणाला. "अजून नाही. मराठी उच्चारांचं निराळं बांधावं लागेल, त्याशिवाय तोंड उघडणार नाही."

मला वाटलं, बिचाऱ्याची निराशा झाली. माझीही झालीच. सकाळपासून पाठ मोडून बसलेलो आणि हातात काय, तर भोपळा. पण त्याचा चेहरा बघून मी उठले. रात्रीचं होतं ते गरम केलं, दोघं जेवलो. मी म्हटलं, पाच मिनिटं आडवी होते. तो म्हणाला, हो हो, हो ना. आणि मी आडवी व्हायला गेले तर मागून विचारतो, पण मग लगेच बसायचं ना?

दुपारचं काम सकाळपेक्षा सोपं होतं, पण जास्त वैतागाचं. उच्चारांचे नियम म्हणजे ओळींवर ओळी, प्रत्येकापुढे झालं, झालं, झालं. मी म्हटलं, अरे, हे सगळं बरोबर आहे, यात वाचायचं काय? अडलं तर सांगते की. म्हणाला, नाही, वाच, सगळं वाच, कुठे बारीक काही निसटायला नको. म्हणून मी वाचत राहिले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पदराने टिपायचं आणि वाचायचं. घसा बसला. त्याने उठून मला पाणी आणून दिलं, मग चहा करून आणला, स्टुलावरून उठवून स्वतःची खुर्ची दिली आणि आपण स्टुलावर बसला. एवढी सरबराई माझी माहेरीही कधी झाली नव्हती. मला वाटलं, माणसाला मनातून लाज वाटते आहे, सुट्टीच्या दिवशी बायकोला राबवल्याची.

चहानंतर कधीतरी परत एक एरर आली. मी वाचायला लागले आणि डोळे इतके शिणलेले की एक ओळ गळलीच. वरची वाचली, तिच्याखालची सोडून तिसऱ्या ओळीवर गेले. सोडली ती मला नंतर कळली. त्या ओळीत एका फाइलीचं नाव होतं, आणि ते नाव मी उच्चारलेलंच नव्हतं. नवऱ्याने कमांड टाइप केली, त्यात ते नाव होतं. बरोब्बर, काठी-टिंब-रेघेसकट.

मी पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. माझा धंदाच आहे तो, एका पट्टीत हजार गोष्टी सारख्या दिसतात, त्यातली एक वेगळी निघाली की हात थांबतो. पण एका पट्टीवरून निदान करायचं नाही, हेही आम्ही शिकलेलो. म्हणून मी पुढची एरर येईपर्यंत वाट बघितली. आली तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं की अमुक फोल्डर सापडत नाही. मी अगदी सरळ आवाजात वाचलं, परवानगी नाही.

त्याने क्षणभर मान तिरकी केली. मग फोल्डर तयार करायची कमांड दिली. परवानगीचं नावही काढलं नाही.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एकदम ओरडावंसं वाटलं, पण आवाजच शिल्लक नव्हता. मी पुढे वाकले, त्याच्या कानावरून हेडफोन उचलला आणि माझ्या कानाला लावला. आत तो रोजचा, भरभर, खरखरीत आवाज व्यवस्थित चालला होता. मला एक अक्षर लागलं नाही, पण तो कुठे अडखळत नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं.

तो म्हणाला, "जेवायच्या आधीपासून."

म्हणजे मघाशी ताठ बसला होता तेव्हापासून. म्हणजे सगळी दुपार. झालं, झालं, झालं म्हणून मी वाचत होते ती सगळी. मी त्याला काय काय बोलले ते आता सांगवत नाही. माझे डोळे काय तुला आंदण दिलेत का, म्हटलं. आठवडाभर लोकांच्या रक्तात बघते, एक दिवस मिळतो, तोही तू असा खेळण्यात घालवलास. इतकी मूर्ख वाटले का मी तुला? मी इथे मनात देव पाण्यात घालून बसले होते, हे बोलायला लागू दे म्हणून, आणि हे मेलं केव्हाचं बोलतंय! आणि हेही बोलले, की तुला मला जाऊ द्यायचं नाही, म्हणून तू सकाळी मुद्दाम बिघडवलंस.

"नाही," तो म्हणाला. "सकाळचं खरंच चुकलं. डोकं ठिकाणावर नव्हतं."

"आणि दुपारचं?"

तो स्टुलावर मागे सरकला. मी म्हटलं, तुला काही बोलायचं होतं तर बोलायचं होतंस. आठवडाभर तोंड शिवून बसलास. तुला तोंड नाही का? माझ्याशी बोलायला मला यंत्रासारखं वाचायला लावायला हवं होतं?

त्याने हात पुढे केला, माझ्या हातातला हेडफोन चाचपून काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. तारेची गुंडाळी करत बसला. ती झाली, परत सोडली, परत केली.

"बोलायला बसलो असतो," तो म्हणाला, "तर 'जाऊ नको' असं निघालं असतं तोंडातून. म्हणून म्हटलं, तूच वाच. मला ऐकायला तरी मिळेल."

मी खुर्चीत मागे टेकले. राग गेला नव्हता, तो अजूनही थोडा आहे. पण त्याच्या खाली इतका थकवा होता की मला रडू यायला लागलं, आणि ते डोळ्यांतलं पाणी की रडू, हे मलाच कळेना. आठ दिवस मी 'तुझं तू ठरव' घेऊन फिरत होते. कुणाला काही फरकच पडत नाही, असं समजून. इस्पितळाच्या जिन्यावर, भांडी घासताना, सूक्ष्मदर्शकात बघताना, सारखं तेच. मी गेले काय, राहिले काय, या घरात एक आवाज कमी होईल, तोही फारसा नसलेला. ते एक वाक्य त्याने त्याच दिवशी म्हटलं असतं तर मी निदान भांडले तरी असते.

"मग निघू दे," मी म्हटलं.

"काय?"

"जे निघणार होतं ते. निघू दे की तोंडातून."

बाहेर कुणीतरी दुचाकी सुरू करत होतं, ती होईना. अखेर झाली आणि निघून गेली.

"जाऊ नको," तो म्हणाला.

मी त्याचा चेहरा बघत होते. मी बघते आहे हे त्याला माहीत होतं आणि तरी त्याने तो फिरवला नाही.

"जाणार आहे मी," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "ते कळलंच मला. तुझ्या आवाजातच आहे ते, सकाळपासून."

पडद्यावर एक ओळ उमटली, मी ती वाचली नाही आणि त्यानेही विचारली नाही. उद्या सकाळी घाईत, इस्पितळाच्या व्हरांड्यात उभं राहून हो म्हणण्यात काही अर्थ नव्हता. मी तिथेच, त्याच्या शेजारी बसून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. घंटा वाजत होती तेव्हा त्याने हात पुढे करून माझं मनगट शोधलं आणि धरलं. त्यांनी फोन उचलला. मी म्हटलं, मॅडम, मी येते. माझा आवाज फाटला होता, त्यांनी विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, बरी आहे, दिवसभर वाचत होते. त्या पुष्कळ वेळ बोलत राहिल्या, कधी रुजू व्हायचं, खोली कुठे मिळेल, कुणाला भेटायचं. माझं बोलणं संपेपर्यंत त्याने मनगट सोडलं नाही, आणि मीही सोडवून घेतलं नाही.